घरची भाषा, शाळेची भाषा आणि पुस्तकाची निवड : पंडरीतील मराठी विद्यार्थ्याच्या स्वतंत्र वाचनाविषयी

१

माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्याने अभ्यासक्रमाबाहेरचे एखादे पुस्तक आपल्या इच्छेने निवडावे आणि वाचावे, या घटनेची नोंद साहित्याच्या इतिहासात सहसा होत नाही. ग्रंथाचे लेखन, प्रकाशन, भाषांतर आणि समीक्षा यांचा इतिहास लिहिला जातो; परंतु तोच ग्रंथ चौदा-पंधरा वर्षांच्या वाचकाच्या हाती कोणत्या वाटेने आला, आणि आल्यावर त्याने तो किती पाने वाचून मिटला, हा प्रश्न अभ्यासाच्या कक्षेबाहेर राहतो. वस्तुतः कोणत्याही भाषेचा उद्याचा वाचकवर्ग याच वयात घडतो किंवा गळून पडतो. ज्या प्रदेशात ती भाषा शाळेत शिकविली जात नाही, तेथे तर या एका निवडीवर फारच मोठा भार येतो.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार छत्तीसगडमधील रायपूर शहराच्या, आणि त्यातही पंडरी या भागाच्या संदर्भात केला आहे. पंडरी हा मुख्यतः कापडबाजार आणि जुने बसस्थानक यांमुळे ओळखला जाणारा भाग. बाजाराची भाषा हिंदी, खेड्यांतून येणाऱ्या गिऱ्हाइकाची भाषा छत्तीसगढी आणि शाळेचे माध्यम हिंदी किंवा इंग्रजी. अशा ठिकाणी राहणाऱ्या मराठी कुटुंबातील मुलगा किंवा मुलगी घरात मराठी ऐकते, काही प्रमाणात बोलते, पण लिहिते-वाचते ती हिंदी वा इंग्रजीत. नववी-दहावीच्या सुमारास घरातील एखादी आजी, मावशी किंवा काका या मुलापुढे एक मराठी पुस्तक ठेवतात. पुढे काय घडते, यावर त्या घरातील मराठीचे ग्रंथभाषा म्हणून असलेले भवितव्य पुष्कळ अंशी अवलंबून असते. ते पहिले पुस्तक कंटाळवाणे वा दुर्बोध ठरले, तर मुलाचे त्या पुस्तकाविषयी प्रतिकूल मत होते एवढ्यावर हे प्रकरण थांबत नाही. ‘मराठी आपल्याला वाचता येत नाही’ असा त्याचा स्वतःविषयीच ग्रह होतो, आणि भाषा स्वयंपाकघराच्या उंबरठ्याशी थांबते.

२

या परिस्थितीची ऐतिहासिक बाजू थोडक्यात ध्यानात घेतली पाहिजे. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर यांची स्वारी रतनपूरवर झाली, आणि १७५८ पासून बिंबाजी भोसले यांनी छत्तीसगडचा कारभार प्रत्यक्ष पाहिला. १८६१ मध्ये मध्यप्रांत स्थापन झाला आणि नागपूर त्याची राजधानी झाली. हा प्रांत हिंदी आणि मराठी अशा दोन भाषांचा होता. नोकरी, वकिली, शिक्षकी आणि व्यापार यांच्या निमित्ताने नागपूर-वऱ्हाडाकडील मराठी माणूस रायपूरला गेला, तेव्हा आपण परप्रांतात चाललो आहोत अशी भावना त्याला होण्याचे फारसे कारण नव्हते. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने ही स्थिती पालटली. विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, रायपूर मध्यप्रदेशात राहिले, आणि १ नोव्हेंबर २००० पासून ते छत्तीसगडच्या राजधानीचे शहर झाले. नागपूर रेल्वेने सुमारे तीनशे किलोमीटरवरच आहे. पण शाळा, पाठ्यपुस्तके आणि परीक्षा यांच्या दृष्टीने मधली सीमा पक्की झाली.

१९५६ च्याच सातव्या घटनादुरुस्तीने संविधानात ३५० अ हे कलम घातले गेले. भाषिक अल्पसंख्य गटांतील मुलांना मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी मिळाव्यात, यासाठी प्रत्येक राज्याने प्रयत्न करावा, असे ते सांगते. मात्र ही अपेक्षा प्राथमिक टप्प्यापुरतीच मर्यादित आहे. माध्यमिक शाळेत पाऊल टाकताच विद्यार्थी या तरतुदीच्या कक्षेबाहेर जातो. आणि ग्रंथवाचनाचे खरे वय तर तेथूनच सुरू होते. म्हणजे कायद्याचे बोट जेथे सुटते, नेमक्या त्याच ठिकाणी स्वतंत्र वाचनाची गरज उभी राहते. ही गरज भागविण्याचे काम घर, रायपूरच्या महाराष्ट्र मंडळासारख्या संस्था आणि एखादा आस्थेवाईक शिक्षक किंवा ग्रंथपाल यांच्याकडे आपोआप येते.

३

या विद्यार्थ्याची भाषिक तयारी नेमकी कशी असते, हे समजल्याशिवाय त्याला पुस्तक निवडण्यास साहाय्य करता येणार नाही. परदेशात वाढलेल्या मराठी मुलाला पुष्कळदा लिपीपासून आरंभ करावा लागतो. पंडरीतील मुलाला तशी अडचण नसते. देवनागरी त्याला सरावाची असते. ‘ळ’ हे अक्षर पाठ्यपुस्तकात अपरिचित असले तरी कानाला परिचित असते. संस्कृत शब्दांचा मोठा साठा हिंदीतून त्याच्याजवळ आधीच जमलेला असतो. त्यामुळे तो मराठी मजकूर अस्खलित वाचू शकतो, आणि ऐकणाऱ्या वडीलधाऱ्यांची समजूत होते की त्याला सारे कळते आहे.

येथेच फसगत होते. पुस्तक वाचकाच्या आवाक्यातील आहे की नाही हे पाहण्याची एक सोपी रीत अनेक ठिकाणी शाळांतून सांगितली जाते : पुस्तकाचे कोणतेही एक पान वाचावे, अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट दुमडावे, आणि पाचही बोटे दुमडली गेली तर ते पुस्तक तूर्त बाजूला ठेवावे. एकभाषिक वाचकासाठी ही रीत ठीक आहे. हिंदीतून मराठीकडे येणाऱ्या वाचकाच्या बाबतीत मात्र ती अपुरी पडते. कारण त्याला अडविणारे शब्द थोडे आणि न अडवता चकविणारे शब्द पुष्कळ असतात. ‘शिक्षा’ म्हणजे हिंदीत शिक्षण, मराठीत दंड. ‘चेष्टा’ हिंदीत प्रयत्न, मराठीत थट्टा. ‘राग’ हिंदीत प्रायः गाण्याचा, मराठीत गाण्याचा आणि त्याहून अधिक वेळा संतापाचा. ‘संसार’ हिंदीत जग, मराठीत घरप्रपंच. ‘आपत्ती’ म्हणजे हिंदीत बहुधा हरकत, मराठीत संकट. ‘यात्रा’ हिंदीत कोणताही प्रवास, मराठीत देवाची वारी किंवा गावची जत्रा. ‘खाली बसला’ हे शब्द वाचून हिंदीत शिकलेला मुलगा ‘रिकामा बसला’ असा अर्थ घेऊ शकतो, आणि वाक्य तरीही त्याला व्याकरणशुद्धच वाटते. अशा शब्दांपाशी बोट दुमडले जात नाही. पान संपते, कथा मात्र निसटलेली असते. आणि ती का निसटली हे वाचकाला सांगता येत नाही.

दुसरी अडचण क्रियापदांची आहे. ‘म्हणे’, ‘जाई’, ‘बसे’ यांसारखी रीतिभूतकाळाची रूपे जुन्या मराठी गद्यात पदोपदी येतात. आजच्या बोलण्यात ती जवळजवळ उरलेली नाहीत, म्हणून घराने ती मुलाला दिलेली नसतात. हिंदीतही त्यांना जुळेल असे रूप नाही, म्हणून शाळेनेही दिलेली नसतात. तिसरी अडचण बोलींची. रायपूरच्या मराठी घरात जी बोली ऐकू येते ती बहुधा नागपूर-वऱ्हाडाच्या वळणाची आणि हिंदीचा मुक्त वापर करणारी असते. कोकणातील वा माणदेशातील बोली तिला दूरची असते.

४

यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो : महाराष्ट्रात ‘सोपी’ मानलेली पुस्तके पंडरीत सोपी असतीलच असे नाही, आणि ‘अवघड’ मानलेली अवघड असतीलच असेही नाही. पुण्या-मुंबईतील शाळांसाठी तयार केलेली वाचनयादी येथे जशीच्या तशी उपयोगी पडत नाही. काही परिचित ग्रंथांच्या उदाहरणांनी हे स्पष्ट होईल.

वडीलधाऱ्यांच्या यादीत ‘श्यामची आई’ बहुधा पहिली असते. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले आणि १९३५ मध्ये प्रकाशित झालेले हे पुस्तक बेचाळीस रात्रींत विभागलेले आहे; प्रत्येक रात्र स्वतंत्रपणे वाचता येते, ही त्याची मोठी सोय. परंतु रीतिभूतकाळाची रूपे आणि कोकणातील घरगुती जीवनाचे तपशील यांमुळे एकट्याने मूकवाचन करणाऱ्या मुलाला ते वाटते त्यापेक्षा जड जाते. मुळात ती सांगितलेली कथा असल्याने, घरातील कोणी एक-दोन रात्री मोठ्याने वाचून दाखविल्या तर वाट मोकळी होते. पु. ल. देशपांडे यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’ची गोष्ट याहून निराळी. वाक्ये छोटी, भाषा बोलती, आणि तरीही या वाचकाला अवघड. कारण विनोद शब्दार्थात नसून बोलण्याच्या लकबीत आणि स्थानिक संदर्भात असतो. त्यांच्या कथनांची ध्वनिमुद्रणे आधी ऐकून मग पुस्तक उघडले, तर तेच पान बोलू लागते.

याच्या उलट उदाहरण शिवाजी सावंत यांच्या ‘मृत्युंजय’चे. १९६७ ची ही कादंबरी आकाराने प्रचंड आहे, आणि नववीच्या मुलापुढे ती ठेवण्यास कोणीही कचरेल. पण कर्णाची कथा त्याला ठाऊक असते. कुंती, दुर्योधन, कृष्ण ही निवेदन करणारी पात्रे ओळखीची असतात. आणि संस्कृतप्रचुर शैली, जी ठाण्यातील मुलाला बोजड वाटेल, ती हिंदीत शिकलेल्या मुलाला जवळची वाटते. शिवाय तिचे हिंदी भाषांतर १९७४ पासून उपलब्ध आहे. एक प्रकरण हिंदीत वाचून पुढचे मराठीत वाचणे, हा अशा वाचकाला सहज साधणारा मार्ग आहे. भाषांतराचा आधार घेणे म्हणजे लबाडी करणे, ही समजूत सोडून दिली पाहिजे.

व्यंकटेश माडगूळकर यांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) कोवळ्या वयाचा एक शिक्षक धनगरांच्या अनोळखी वाडीत येतो. निवेदन स्वच्छ आणि आटोपशीर आहे, संवाद मात्र माणदेशी आहेत. वाचकाप्रमाणेच नायकही त्या भाषेत आणि त्या जगात उपरा आहे, हे ध्यानात आणून दिले की बोलीची अडचण कथेचाच भाग होऊन जाते. भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’ हाही फुरसुंगीहून पुण्याच्या शाळेत आलेला मुलगा; घटनांचा वेग एवढा की दोन-चार शब्द सुटले तरी वाचक मागे राहत नाही.

ज्याचा ओढा विज्ञानाकडे आहे अशा विद्यार्थ्यापुढे जयंत नारळीकर यांची पुस्तके ठेवावीत. ‘यक्षांची देणगी’ (१९७९) मधील विज्ञानकथांतील पारिभाषिक शब्द पुष्कळसे संस्कृतोद्भव असल्याने हिंदी माध्यमाच्या मुलाला परिचित असतात. नारळीकरांचे आत्मचरित्र ‘चार नगरांतले माझे विश्व’, ज्याला २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, ते तर या वाचकाच्या स्वतःच्या परिस्थितीलाच स्पर्श करते. त्यातील पहिले नगर बनारस आहे. घर मराठी आणि भोवतालचे जग हिंदी, असे बालपण त्यात येते.

आपल्या परिसराशी जोडलेला धागा असलेली पुस्तके तर विशेष शोधावीत. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त राजनांदगावचा भाग आहे. रेव्हरंड टिळक धर्मांतरापूर्वी तेथील संस्थानात नोकरीस होते, आणि राजनांदगावला जाणाऱ्या आगगाडीतच एका मिशनऱ्याशी झालेल्या भेटीने त्यांच्या आयुष्याला वळण लागले; १८९५ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. रायपूरच्या मुलाने तो लोहमार्ग शंभरदा पाहिलेला असतो. मराठी वाङ्मयातील एक श्रेष्ठ आत्मचरित्र आपल्या शेजारच्या गावातून जाते, हे कळल्यावर त्याची पुस्तकाकडे पाहण्याची दृष्टी बदलते. वसंत मून यांच्या ‘वस्ती’त (१९९५) नागपूरच्या दलित वस्तीतील बालपण आहे. विदर्भातून आलेल्या अनेक कुटुंबांना त्यातील बोली आणि गल्ल्या घरच्या वाटतील. दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८) आणि लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) यांबाबत वडीलधाऱ्यांना संकोच वाटतो. ही पुस्तके दडवून ठेवण्याचे कारण नाही. त्यांतील जीवन कठोर आहे, हे आधी सांगावे आणि वाचनानंतर बोलण्यास आपण उपलब्ध राहावे. ‘मराठी कुटुंब’ म्हणजे एकाच जातीचे आणि एकाच आठवणीचे कुटुंब असे गृहीत धरून केलेली यादी निम्म्या वाचकांना दारातच परत पाठविते.

५

आता साहाय्याच्या रीतीचा विचार. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांत वाचकाला त्याचे पुस्तक आणि पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, असे दुहेरी सूत्र आहे. पुस्तक ‘नेमून देणारा’ पहिला अर्धा भाग स्वतःच्या अंदाजाने पुरा करतो आणि दुसरा विसरतो. याबाबत पंडरीच्या कापडबाजारातील दुकानदाराची रीत शिकण्यासारखी आहे. जाणता दुकानदार गिऱ्हाइकाला काय नेसावे हे सांगत नाही. तो दोन-तीन प्रश्न विचारतो, पाच-सहा ताके उलगडतो, पोत हाताला लावू देतो, उजेडात नेऊन पाहू देतो. आणि एकही पसंत पडला नाही तर न कुरकुरता पुन्हा गुंडाळतो.

पुस्तकांच्या बाबतीत हेच पुढीलप्रमाणे करता येईल. प्रथम, विद्यार्थ्याला ‘तुला कोणते पुस्तक आवडते?’ असे विचारू नये. ज्याने फारसे वाचलेले नाही त्याला या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. त्याने अलीकडे कोणता चित्रपट दुसऱ्यांदा पाहिला, हिंदीच्या पाठ्यपुस्तकातील कोणता धडा शिकविण्यापूर्वीच वाचून काढला, हे विचारावे. दुसरे, एकच पुस्तक पुढे करू नये. भिन्न प्रकारची पाच-सहा ठेवावीत. त्यांत एखादे पातळ, एखादे जाडजूड, एखादे चरित्र आणि एखादे विज्ञानविषयक असावे. तिसरे, आरंभाचे पान आणि मधले कोणतेही एक पान त्याला वाचू द्यावे. कारण आरंभ पुष्कळदा लेखकाने विशेष परिश्रमाने सजविलेला असतो, पुस्तकाची नेहमीची चाल मधल्या पानावर दिसते.

चौथी पायरी या वाचकासाठी सर्वांत महत्त्वाची. वाचलेले पान त्याने आपल्या शब्दांत, हवे तर हिंदीत, सांगावे. ही परीक्षा नव्हे, आणि तिला गुण नसावेत. सांगताना ‘शिक्षा झाली’चे ‘पढ़ाई हुई’ झाले, की चकविणारा शब्द आपोआप उघडा पडतो, आणि बहुधा हशाही होतो. असे एखाद-दुसरे स्थळ निघाले तर पुस्तक आवाक्यात आहे. घटनाच उलटीपालटी होत असेल तर ते काही महिन्यांनी पुन्हा पाहावे. या चकविणाऱ्या शब्दांची यादी विद्यार्थ्याने स्वतःच ठेवली, तर दोन भाषांच्या संबंधांचा तो पहिला अभ्यास ठरतो.

पाचवी गोष्ट पुस्तक सोडण्याच्या हक्काची. फ्रेंच लेखक दानिएल पेनाक यांनी १९९२ मध्ये वाचकाचे हक्क सांगितले, त्यांत पुस्तक अर्धवट सोडण्याचा हक्कही आहे. मराठी घरांत अर्धे टाकलेले पुस्तक अर्ध्या टाकलेल्या पानासारखे मानले जाते. अन्न टाकू नये, तसे पुस्तकही टाकू नये. ही भावना आदरणीय असली तरी नवख्या वाचकावर लादू नये. तीस-चाळीस पानांनंतर मन रमले नाही तर पुस्तक परत करता येईल, हे आधीच ठाऊक असेल तर मुलगा जाड पुस्तकालाही हात घालतो.

व्यवहाराचीही एक अडचण आहे. मराठी पुस्तकांचा मोठा बाजार नागपूरकडे. टपालाने वा संगणकावरून मागविलेले पुस्तक चाळून पाहता येत नाही. म्हणून घरोघरी कपाटांत पडून असलेली पुस्तके एकत्र करून ती काही काळ मुलांना हाताळू देणे, हा उपाय महागड्या खरेदीहून अधिक परिणामकारक ठरेल. पाहुणा नागपूरला जाणार असेल तर त्याच्याकडे एक पुस्तक सांगण्याऐवजी चार सांगावीत, आणि त्यांतील तीन न आवडण्याची तयारी ठेवावी.

६

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. रायपूरमध्ये जन्मलेल्या मुलाने मराठीच का वाचावे? विनोदकुमार शुक्ल ज्या शहरात राहून लिहीत होते, त्या शहराचे हिंदी साहित्य त्याचे नव्हे काय? आक्षेप योग्य आहे, आणि त्याचे उत्तर भावनेने देऊ नये. या भूमीवर मराठी घरांनी हिंदीला दिलेले योगदान मोठे आहे. माधवराव सप्रे यांनी १९०० मध्ये पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ़ मित्र’ काढले, आणि ‘दासबोध’ व ‘गीतारहस्य’ हे ग्रंथ हिंदीत आणले. गजानन माधव मुक्तिबोध १९५८ पासून राजनांदगावच्या महाविद्यालयात शिकवीत होते. घरची भाषा मराठी असून १९६४ मध्ये झालेल्या मृत्यूपर्यंत त्यांनी हिंदीची सेवा केली. त्यांचे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीचे कवी, कादंबरीकार आणि समीक्षक झाले. एकाच घरातील दोन भावांनी दोन भाषांचे वाङ्मय समृद्ध केले.

हिंदीच्या वर्गात थोरल्या मुक्तिबोधांची ओळख झालेल्या विद्यार्थ्याला धाकट्या मुक्तिबोधांचे नावही सहसा ठाऊक नसते. भारतीय साहित्यांच्या अभ्यासकाला यातून एक गोष्ट दिसावी. दोन भाषांना जोडणारा पूल भाषांतरकार बांधतो, पण त्यावरून ये-जा करतो तो दोन्हीकडे वाचू शकणारा वाचक. असा वाचक विद्यापीठात तयार होत नाही. तो पंधराव्या वर्षी, घरातल्या कपाटापाशी तयार होतो. तो हरवला तर हिंदीचेही नुकसान आहे, कारण उद्याचा सप्रे त्यातूनच यावयाचा असतो.

म्हणून साहाय्यकाने मराठी पुस्तकांच्या राशीत हिंदी पुस्तकेही खुशाल ठेवावीत, आणि विद्यार्थ्याने हिंदी उचलले तर ते मराठीचा पराभव मानू नये. नाकारण्याची मोकळीक नसेल तर निवडीला अर्थ राहत नाही, आणि अशा निवडीतून वाचक घडत नाही. मराठी पुस्तक तेथे असले पाहिजे, हाताला लागेल असे असले पाहिजे, आणि ते पारखण्याची रीत मुलाला कोणीतरी शिकविलेली असली पाहिजे. वडीलधाऱ्यांचे कर्तव्य एवढ्यावर संपते. त्यापुढचे पान मुलाने स्वतः उलटावयाचे आहे.